क्लस्टरमधील संसाधन-स्क्रिप्ट आणि त्यांच्या अनुरूपता चाचण्या : दोषनिवारणाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९९८ ते २०२१)

प्रस्तावना :

बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी, विद्यापीठांचे निकाल अशी असंख्य कामे आज संगणकावर अवलंबून आहेत. एखादा सर्व्हर बंद पडला तरी ही कामे थांबू नयेत म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर एकमेकांस जोडून ठेवले जातात. या व्यवस्थेस उच्च-उपलब्धता क्लस्टर असे म्हणतात. क्लस्टरमधील प्रत्येक सर्व्हर हा एक नोड असतो. त्यावर चालणारा डेटाबेस, जोडलेली फाइल-प्रणाली, वेब-सेवा किंवा आयपी पत्ता यांपैकी प्रत्येकास संसाधन अशी संज्ञा आहे. एक नोड निकामी झाल्यास त्यावरील संसाधने दुसऱ्या नोडवर सुरू करणे हे क्लस्टरचे मुख्य कार्य होय.

तथापि, क्लस्टरचे नियंत्रण करणाऱ्या प्रोग्रामला डेटाबेस कसा सुरू करावा किंवा तो सुरू आहे की नाही हे कसे ओळखावे, याचे ज्ञान नसते. हे काम प्रत्येक संसाधनासाठी लिहिलेल्या एका लहान स्क्रिप्टकडे सोपविलेले असते. नियंत्रक तिला ‘सुरू कर’, ‘थांबव’ किंवा ‘स्थिती सांग’ अशी आज्ञा देतो आणि स्क्रिप्ट काम संपविताना एक अंक परत करते. या अंकास एक्झिट कोड म्हणतात. नियंत्रकाला बाह्य जगाविषयी जे काही कळते ते या अंकांतूनच कळते. स्क्रिप्टने चुकीचा अंक दिला तर कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री असूनही क्लस्टर चुकीचा निर्णय घेतो. म्हणूनच स्क्रिप्ट ठरलेल्या नियमांनुसार वागते की नाही, हे तपासणाऱ्या अनुरूपता चाचण्यांना महत्त्व प्राप्त झाले.

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांना भरपूर स्थान मिळाले आहे. त्या मानाने शंभर-दोनशे ओळींच्या स्क्रिप्ट आणि त्यांच्या चाचण्या यांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित विषयाचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. संसाधन-स्क्रिप्टच्या नियमांचा विकास कालक्रमाने स्पष्ट करणे.
२. अनुरूपता चाचणीची रचना व तिच्यात स्क्रिप्ट अनुत्तीर्ण होण्याची प्रमुख कारणे यांचा शोध घेणे.
३. दोषनिवारणाच्या पद्धतीची चिकित्सा करणे.
४. चाचणीच्या मर्यादा प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासणे.

गृहीतक :

अनुरूपता चाचणीत स्क्रिप्ट अनुत्तीर्ण होण्यामागे बहुधा आज्ञावली लिहिण्यातील किरकोळ चूक नसून ‘संसाधन बंद आहे’ या एका उत्तराच्या अर्थाविषयीची अस्पष्टता असते, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे.

व्याप्ती :

लिनक्स प्रणालीवरील हार्टबीट व पेसमेकर या मुक्त स्रोत प्रकल्पांपुरता हा अभ्यास प्रामुख्याने मर्यादित आहे. तुलनेसाठी आवश्यक तेथे व्यावसायिक क्लस्टर-प्रणालींचा उल्लेख केला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अखंड चालणाऱ्या संगणकाची कल्पना क्लस्टर-स्क्रिप्टपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम कंपनीने १९७६ मध्ये आपला पहिला बिघाड-सहनशील संगणक ग्राहकाला दिला. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स-क्लस्टरची घोषणा केली. १९९१ मध्ये आयबीएमने आपल्या युनिक्स प्रणालीसाठी एचएसीएमपी हे क्लस्टर-उत्पादन बाजारात आणले.

या प्रवासात १९८५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी टँडममधील संशोधक जिम ग्रे यांनी संगणक का थांबतात, या प्रश्नावर एक अहवाल लिहिला. टँडमच्या ग्राहकांकडील बिघाडांचे वर्गीकरण करताना त्यांना असे आढळले की, यंत्रभागांच्या दोषामुळे झालेले बिघाड सुमारे १८ टक्के होते, तर प्रणालीचे संचालन व देखभाल यांतून उद्भवलेले बिघाड सुमारे ४२ टक्के होते. यंत्रभाग दुहेरी केल्याने यंत्राचा दोष झाकला जातो, माणसाने दिलेली चुकीची आज्ञा मात्र झाकली जात नाही, हा या निष्कर्षाचा अर्थ होय. संसाधन-स्क्रिप्ट ही संचालकाने पूर्वी हाताने करावयाची कामे लिहून ठेवलेली आज्ञाच असते. त्यामुळे संचालकाच्या हातून घडणारी चूक स्क्रिप्टमध्ये उतरली, तर ती प्रत्येक वेळी निर्विघ्नपणे घडत राहते.

२. इनिट स्क्रिप्टचा वारसा :

एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स सिस्टिम व्ही या १९८३ च्या आवृत्तीतून पुढे रूढ झालेल्या परंपरेत संगणक सुरू होताना प्रत्येक सेवेसाठी एक इनिट स्क्रिप्ट चालविली जात असे. ‘स्टार्ट’ व ‘स्टॉप’ हे शब्द तेथूनच क्लस्टरच्या जगात आले. मात्र या स्क्रिप्ट माणसाने वाचाव्यात अशा संदेशांसाठी लिहिलेल्या होत्या. पडद्यावर ‘सेवा सुरू झाली’ असे उमटले की संचालकाचे समाधान होई. स्क्रिप्टने कोणता अंक परत केला, याकडे सहसा कोणी पाहत नसे.

२००१ मध्ये लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. संक्षेपाने एलएसबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मानकाने इनिट स्क्रिप्टच्या उत्तरांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. स्थिती विचारली असता ० म्हणजे सेवा सुरू आहे, ३ म्हणजे सेवा सुरू नाही, ४ म्हणजे स्थिती अज्ञात आहे, असे अर्थ ठरविण्यात आले. आधीच सुरू असलेल्या सेवेला ‘सुरू हो’ सांगणे आणि आधीच बंद असलेल्या सेवेला ‘थांब’ सांगणे, या दोन्ही आज्ञा यशस्वी मानाव्यात, असाही दंडक घालण्यात आला. ‘बंद आहे’ आणि ‘ठाऊक नाही’ ही दोन उत्तरे येथे वेगळी केली गेली, ही बाब लक्षणीय आहे. तथापि, नियम लिहिला गेला म्हणून सर्व स्क्रिप्ट बदलल्या असे घडले नाही. अनेक इनिट स्क्रिप्ट बंद सेवेला थांबविण्यास सांगितले असता दीर्घकाळ १ हाच त्रुटीदर्शक अंक परत करीत राहिल्या.

३. लिनक्स-एचए प्रकल्प आणि हार्टबीट :

लिनक्सवर उच्च-उपलब्धता आणण्याविषयीची संघटित चर्चा नोव्हेंबर १९९७ मध्ये सुरू झाली. हाराल्ड मिल्झ यांनी या विषयावरील तंत्रांचे एक टिपण तयार केले. त्यातून प्रेरणा घेऊन अॅलन रॉबर्टसन यांनी हार्टबीट हा प्रोग्राम लिहिला. तो १८ मार्च १९९८ रोजी प्रथम चालला आणि १५ नोव्हेंबर १९९८ रोजी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

आरंभीचा हार्टबीट केवळ दोन नोडपुरता होता. एका नोडचे ‘ठोके’ ऐकू येईनासे झाले की दुसरा नोड संसाधने आपल्याकडे घेई. चालू संसाधनावर सतत देखरेख ठेवण्याची सोय त्यात नव्हती. संसाधनाची स्थिती ओळखण्याची त्याची पद्धत तर अभ्यासण्याजोगी आहे. स्क्रिप्टने परत केलेल्या अंकावर विसंबण्याऐवजी तिने छापलेल्या मजकुरात ‘रनिंग’ किंवा ‘ओके’ हे इंग्रजी शब्द आहेत का, हे पाहिले जाई. परंतु ‘चालू नाही’ या वाक्यातही ‘चालू’ हा शब्द असतोच. त्यामुळे नकारार्थी वाक्य आधी ओळखून बाजूला काढावे लागे. इनिट स्क्रिप्टच्या अंकांवर विश्वास ठेवता येत नव्हता, म्हणून शब्दांचा आधार घ्यावा लागला. आणि शब्दांवर विसंबल्याने संदिग्धता वाढली. पुढील मानकाची गरज या कोंडीतून निर्माण झाली.

२९ जुलै २००५ रोजी हार्टबीटची २.०.० ही आवृत्ती आली. तिने दोनहून अधिक नोड, संसाधनांवरील देखरेख, परस्परावलंबन व धोरणे यांची सोय केली. देखरेख आल्याबरोबर स्क्रिप्टचे स्थान बदलले. पूर्वी नोड बदलताना एकदाच विचारली जाणारी स्क्रिप्ट आता दर काही सेकंदांनी उत्तर देऊ लागली आणि तिच्या प्रत्येक उत्तरावर क्लस्टर कृती करू लागला. चुकीचे उत्तर देणारी स्क्रिप्ट पूर्वी महिनोन्‌महिने लपून राहू शकत होती. आता ती लगेच उघडी पडू लागली.

४. ओपन क्लस्टर फ्रेमवर्क :

स्क्रिप्टसाठी सर्वमान्य नियम असावेत म्हणून फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या संस्थेच्या छत्राखाली ओपन क्लस्टर फ्रेमवर्क हा कार्यगट स्थापन झाला. कॉम्पॅक, आयबीएम, रेड हॅट, एसजीआय, सुसे आदी कंपन्यांचा त्यास आरंभी पाठिंबा होता. सुसे कंपनीतील लार्स मारोव्स्की-ब्रे यांनी संसाधन-स्क्रिप्टविषयक मसुद्याच्या कामात पुढाकार घेतला. २००७ मध्ये फ्री स्टँडर्ड्स ग्रुप व ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्स यांचे विलीनीकरण होऊन लिनक्स फाउंडेशन ही संस्था अस्तित्वात आली. संक्षेपाने ओसीएफ असे म्हटल्या जाणाऱ्या या मानकात संसाधन-स्क्रिप्टला एजंट हे नाव मिळाले.

प्रत्येक एजंटने सुरू करणे, थांबविणे, स्थिती सांगणे आणि स्वतःची माहिती देणे ही चार कामे केलीच पाहिजेत, असे मानकाने ठरविले. यांतील शेवटच्या कामास मेटा-डेटा म्हणतात. त्यात एजंट कोणते घटक स्वीकारतो, कोणत्या कामास किती कालमर्यादा द्यावी इत्यादी तपशील एक्सएमएल स्वरूपात असतो. एजंटला लागणारी मूल्ये ‘ओसीएफ-रेसकी’ या उपसर्गाच्या परिवेश-चलांतून दिली जातात.

मानकाचा गाभा मात्र त्यातील अंकांच्या अर्थात आहे. ० म्हणजे यश, १ म्हणजे सर्वसाधारण त्रुटी, २ म्हणजे अयोग्य घटक, ३ म्हणजे काम उपलब्ध नाही, ४ म्हणजे परवानगी नाही, ५ म्हणजे आवश्यक प्रोग्राम स्थापित नाही, ६ म्हणजे मांडणी चुकीची आहे आणि ७ म्हणजे संसाधन सुरू नाही. एलएसबीमध्ये ‘सुरू नाही’ यासाठी ३ हा अंक होता. ओसीएफमध्ये त्याच ३ चा अर्थ ‘हे काम मला येत नाही’ असा झाला. व्हेरिटास क्लस्टर सर्व्हर या व्यावसायिक प्रणालीत तर स्थिती सांगणारी स्क्रिप्ट १०० परत करी तेव्हा संसाधन बंद मानले जाई आणि १०१ ते ११० हे अंक ते सुरू असल्याची खात्री चढत्या क्रमाने दर्शवीत. या कंपनीचे विकास-केंद्र पुण्यात होते. तात्पर्य, एका प्रणालीतील स्क्रिप्ट दुसरीकडे जशीच्या तशी नेल्यास ती बोलत राही, पण तिच्या बोलण्याचा अर्थ बदलून जाई.

७ या अंकाचे महत्त्व पेसमेकरच्या कार्यपद्धतीवरून स्पष्ट होते. हार्टबीटमधील संसाधन-नियंत्रक वेगळा काढून पेसमेकर हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. त्याच्या विकासात अँड्र्यू बीकहॉफ यांचा प्रमुख वाटा होता. एखादा नोड क्लस्टरमध्ये सामील झाला की पेसमेकर त्यावरील प्रत्येक संसाधनाची स्थिती प्रथम विचारून घेतो. या विचारणेस पूर्वतपासणी म्हणता येईल. तेथे पुढील तीन प्रकारची चूक संभवते.

अ) संसाधन बंद असताना एजंटने ० सांगितल्यास ते दोन नोडवर एकाच वेळी चालू आहे असा समज होऊन क्लस्टर ते सर्वत्र थांबवितो व पुन्हा एका ठिकाणी सुरू करतो. म्हणजे निष्कारण सेवा खंडित होते.

आ) संसाधन बंद असताना १ सांगितल्यास ते बिघडले आहे असे मानून क्लस्टर ते थांबविण्याची आज्ञा देतो. थांबविण्याची आज्ञा अयशस्वी ठरली, तर त्या नोडचा वीजपुरवठा तोडून किंवा तो बळाने पुन्हा सुरू करून त्यास वेगळे पाडले जाते. या उपायास स्टोनिथ म्हणतात. परिणामी एका अंकाच्या चुकीसाठी निरोगी सर्व्हर बंद पाडला जातो.

इ) संसाधन सुरू असताना ७ सांगितल्यास क्लस्टर ते दुसऱ्या नोडवरही सुरू करतो. ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस यांसारखी फाइल-प्रणाली दोन नोडवर एकाच वेळी जोडली गेली, तर तिच्यावरील माहिती भ्रष्ट होते. पहिल्या दोन चुकांत सेवा जाते. तिसऱ्या चुकीत माहितीच जाते, आणि ती परत मिळेलच असे नाही.

५. अनुरूपता चाचणीची रचना :

आरंभीची चाचणी हाताने केली जाई. इनिट स्क्रिप्ट क्लस्टरमध्ये वापरण्यायोग्य आहे का, हे ठरविण्यासाठी पेसमेकरच्या दस्तऐवजांत एक छोटी कार्यसूची दिलेली आहे. सेवा सुरू करावी, स्थिती विचारावी, पुन्हा सुरू करावी, थांबवावी, स्थिती विचारावी, पुन्हा थांबवावी आणि प्रत्येक वेळी परत आलेला अंक पाहावा, असा तिचा क्रम आहे. वरवर पाहता ही सूची बालिश वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा सुरू करणे व दुसऱ्यांदा थांबविणे या दोन पायऱ्यांवरच बहुसंख्य जुन्या स्क्रिप्ट अडखळत.

ओसीएफ एजंटसाठी हीच कल्पना ओसीएफ-टेस्टर या साधनात स्वयंचलित झाली. हे साधन एजंटची फाइल चालविण्यायोग्य आहे का ते पाहते, मेटा-डेटा मागवून तो ठरलेल्या आराखड्याशी पडताळते आणि दिलेल्या मांडणीची ग्राह्यता तपासते. त्यानंतर बंद संसाधनाची स्थिती विचारून ७ या उत्तराची अपेक्षा करते. मग संसाधन सुरू करणे, स्थिती विचारणे, सुरू असताना पुन्हा सुरू करणे, थांबविणे, पुन्हा ७ मिळते का पाहणे आणि थांबलेले असताना पुन्हा थांबविणे या पायऱ्या क्रमाने होतात. पदोन्नती, पदावनती, सूचना इत्यादी ऐच्छिक कामे एजंटला येत नसतील, तर तसे केवळ नमूद केले जाते. ती अनुत्तीर्णता नव्हे. पुढे ओसीएफटी हे दुसरे साधन आले. त्यात प्रत्येक एजंटसाठी ठरावीक प्रसंग व त्यांची अपेक्षित उत्तरे आधी लिहून ठेवता येतात.

६. अनुत्तीर्णतेची कारणे व दोषनिवारण :

चाचणीतील अपयशाची कारणे पुढील गटांत विभागता येतात.

(क) परिवेशातील फरक : हाताने चालविल्यास स्क्रिप्ट बिनचूक चालते, पण चाचणीत किंवा क्लस्टरमध्ये चालत नाही, ही सर्वांत जुनी तक्रार होय. संचालकाच्या सत्रात प्रोग्राम शोधण्याचे मार्ग, भाषेची निवड व इतर चले आधीच भरलेली असतात; क्लस्टरकडून चालविल्या जाणाऱ्या एजंटला ती मिळतीलच असे नसते. ओसीएफची मूळ निर्देशिका दर्शविणारे चल रिकामे राहिल्यास एजंटला सामायिक साहाय्यक फाइलच सापडत नाही. या गटात कवचभाषेच्या बदलाचाही समावेश होतो. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० ने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये डेबियन ६.० ने प्रणालीचे मूलभूत कवच म्हणून बॅशऐवजी डॅश स्वीकारले. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत साध्या कवचाचे नाव होते, पण आत बॅशच्या खास रचना वापरलेल्या होत्या, त्या एका रात्रीत अनुत्तीर्ण ठरल्या. त्यांच्यात एक अक्षरही बदलले नव्हते. त्यांच्याखालील जमीन बदलली होती.

(ख) मेटा-डेटामधील दोष : न बंद केलेली खूण, सुटलेली कालमर्यादा किंवा आराखड्यात नसलेला घटक यांमुळे पडताळणी अयशस्वी होते. हा दोष सर्वांत दृश्य असून त्याचे निवारणही सर्वांत सोपे असते.

(ग) बंद संसाधन सुरू भासणे : चालू प्रक्रियांच्या यादीत नाव शोधून स्थिती ठरविणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शोध घेणारी आज्ञा स्वतःच त्या यादीत दिसते व उत्तर नेहमी ‘सुरू’ येते. प्रक्रिया-क्रमांकाची जुनी फाइल मागे राहिल्यास तो क्रमांक दरम्यान दुसऱ्याच प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. केवळ क्रमांक अस्तित्वात आहे एवढे पाहणारी स्क्रिप्ट येथे फसते. क्रमांकामागील प्रक्रिया अपेक्षित प्रोग्रामचीच आहे का, हे पाहणे हा यावरील उपाय होय.

(घ) घाईने दिलेले यश : डेटाबेस सुरू करण्याची आज्ञा दिली की लगेच ० परत करणारा एजंट पुढच्याच पायरीला पडतो, कारण डेटाबेस अद्याप विनंत्या स्वीकारण्याच्या स्थितीत नसतो. येथे काही काळ थांबण्याची ओळ घालणे हा तात्पुरता इलाज असतो. सुरू करण्याच्या कामानेच स्थिती पुनःपुन्हा विचारून, संसाधन खरोखर सिद्ध झाल्यावर उत्तर द्यावे, हा मूलगामी उपाय होय.

(च) पुनरावृत्ती सहन न होणे : सुरू असलेले सुरू करणे व बंद असलेले थांबविणे यांना यश मानावे, हा नियम एलएसबीच्या काळापासून असूनही येथील अपयश वारंवार आढळते. नियंत्रक आज्ञा देतो ती ‘अमुक स्थिती असावी’ या अर्थाने. जुनी स्क्रिप्ट ती ‘अमुक क्रिया करावी’ या अर्थाने घेते. दोषाचे मूळ या अर्थभेदात आहे.

दोषनिवारणाच्या पद्धतीबाबत तीन गोष्टी अधोरेखित कराव्याशा वाटतात. पहिली, अहवालातील पहिले अपयश आधी वाचावे. नंतरची अपयशे बहुधा त्याचीच अपत्ये असतात. दुसरी, एजंटच्या आतील प्रत्येक आज्ञेचा मागोवा लिहून ठेवण्याची सोय वापरावी, तसेच पेसमेकरच्या साधनाद्वारे क्लस्टरमधील प्रत्यक्ष मूल्यांनिशी स्थितीची विचारणा करून पाहावी. त्यामुळे परिवेशातील फरक दिसून येतो. तिसरी, चाचणी प्रत्यक्ष वापरातील संसाधनावर कधीही चालवू नये. ओसीएफ-टेस्टर संसाधन खरोखर थांबविते आणि क्लस्टरला ते बिघाड वाटते.

याच संदर्भात एका अपप्रवृत्तीची नोंद आवश्यक आहे. थांबविण्याच्या पायरीवर अपयश येते म्हणून काही वेळा एजंटच्या त्या भागाच्या शेवटी कोणत्याही परिस्थितीत ० परत करण्याची ओळ घातली जाते. चाचणी उत्तीर्ण होते. स्टोनिथचा त्रासही थांबतो. परंतु संसाधन थांबलेले नसताना ‘थांबले’ असे सांगितले जाते आणि क्लस्टर ते दुसऱ्या नोडवर सुरू करतो. वर ‘इ’ मध्ये सांगितलेला माहितीचा नाश येथे घडतो. थांबविल्यानंतर स्थिती विचारून चाचणी हे खोटे पकडू शकते, पण त्यासाठी स्थिती सांगणारा भाग प्रामाणिक असावा लागतो. म्हणून दोषनिवारणाचा आरंभ नेहमी स्थिती सांगणाऱ्या भागापासून करणे इष्ट ठरते. इतर सर्व पायऱ्यांचा निवाडा त्याच्याच साक्षीवर होत असतो.

७. चाचणीच्या मर्यादा :

चाचणी उत्तीर्ण होणे आणि एजंट विश्वसनीय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओसीएफ-टेस्टर एकाच नोडवर, क्लस्टरच्या बाहेर आणि शांत परिस्थितीत चालते. समजा, डेटाबेसची मांडणी-फाइल सामायिक डिस्कवर ठेवली आहे. चाचणी घेताना ती डिस्क जोडलेली असते, म्हणून सर्व काही सुरळीत दिसते. प्रत्यक्ष क्लस्टरमध्ये राखीव नोडवर ती डिस्क जोडलेली नसते. पूर्वतपासणीच्या वेळी फाइल न सापडल्याने एजंट ६ परत करतो आणि पेसमेकर त्या संसाधनास संपूर्ण क्लस्टरमध्ये मनाई करतो. खरे उत्तर ७ असे होते: फाइल नाही, म्हणजे येथे हे संसाधन चालू नाही. पूर्वतपासणी कोणती हे ओळखण्याची सोय सामायिक साहाय्यक फाइलमध्ये आहे ती याचसाठी.

भाराखालील वर्तन ही दुसरी मर्यादा होय. गिटहब या संकेतस्थळाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निवेदनांतून याचे बोलके उदाहरण मिळते. सोमवार, १० सप्टेंबर २०१२ रोजी तेथील डेटाबेसच्या रचनेत बदल सुरू असताना मुख्य डेटाबेसवर मोठा भार आला. स्थितीची तपासणी अयशस्वी ठरल्याने पेसमेकरने मुख्य भूमिका दुसऱ्या नोडकडे सोपविली. त्या नोडची स्मृती अद्याप भरलेली नव्हती, त्यामुळे तो आणखी मंद झाला व पुन्हा बदल घडला. दुसऱ्या दिवशी क्लस्टर पूर्वपदावर आणताना पेसमेकरची प्रक्रियाच कोसळली, क्लस्टरचे विभाजन झाले आणि मागे पडलेल्या प्रतीवर लेखन झाले. परिणामी १६ खाजगी रेपॉझिटरी ७ मिनिटे परक्या सदस्यांना उपलब्ध राहिल्या. येथे मूळ डेटाबेस मंद होता, बंद नव्हता. वेळेत उत्तर न मिळणे आणि बिघाड होणे यांत नियंत्रकाने भेद केला नाही. शांत यंत्रावरील कोणतीही अनुरूपता चाचणी हा दोष दाखवू शकली नसती.

त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी गिटहबच्या नेटवर्कमधील संपर्क सुमारे दीड मिनिट गोठला. फाइल-सर्व्हरच्या अनेक जोड्यांनी एकमेकांचे ठोके न ऐकू आल्याने परस्परांवर स्टोनिथची आज्ञा सोडली आणि काही जोड्यांतील दोन्ही सर्व्हर बंद झाले. दुसऱ्याविषयी काहीच ठाऊक नसताना ‘तो गेला’ असे मानणे, हे या घटनेचे मर्म होय.

८. मानकाची १.१ आवृत्ती (२०२१) :

२०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने जुना संसाधन-नियंत्रक बाजूला ठेवून पेसमेकर स्वीकारल्यावर ओसीएफ एजंटचे महत्त्व आणखी वाढले. २०२१ मध्ये मानकाची १.१ ही आवृत्ती स्वीकारण्यात आली. तिने ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ ही नावे काढून त्याऐवजी ‘प्रमोटेड’ व ‘अनप्रमोटेड’ ही नावे रूढ केली. अभ्यासाच्या दृष्टीने दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. ‘रीलोड’ या एका शब्दाला दोन अर्थ चिकटले होते. काही एजंट त्याचा अर्थ सेवेची मांडणी-फाइल पुन्हा वाचणे असा घेत, तर पेसमेकरला क्लस्टरमध्ये बदललेली एजंटची मूल्ये लागू करणे अभिप्रेत असे. नव्या आवृत्तीने दुसऱ्या अर्थासाठी ‘रीलोड-एजंट’ हे वेगळे काम निर्माण केले. आज्ञा यशस्वी होऊनही अपेक्षित बदल न घडण्याचे एक कारण अशा रीतीने शब्दच वेगळा करून दूर केले गेले.

निष्कर्ष :

१. संसाधन-स्क्रिप्टच्या नियमांचा विकास छापील शब्दांकडून अंकांकडे आणि अंकांकडून निश्चित अर्थांकडे झालेला दिसतो.
२. ‘बंद आहे’, ‘बिघडले आहे’ व ‘ठाऊक नाही’ या तीन स्थितींची सरमिसळ हे अनुत्तीर्णतेचे प्रमुख मूळ आहे. त्यामुळे अभ्यासाचे गृहीतक मोठ्या प्रमाणात सिद्ध होते. परिवेशातील फरक व मेटा-डेटामधील दोष हे मात्र त्यास अपवाद आहेत.
३. दोषनिवारण स्थिती सांगणाऱ्या भागापासून सुरू करणे आवश्यक ठरते.
४. चाचणी उत्तीर्ण व्हावी म्हणून उत्तर बदलणे हे चाचणी न घेण्यापेक्षा अधिक घातक आहे.
५. अनुरूपता चाचणी शांत स्थितीतील वर्तनाची हमी देते; भार, विलंब व नेटवर्कचे विभाजन यांसाठी प्रत्यक्ष क्लस्टरवर स्वतंत्र चाचण्या घेणे अपरिहार्य आहे.

समारोप :

टँडमच्या काळात अखंड सेवेचा भरवसा दुहेरी यंत्रांवर होता. पुढे तो स्क्रिप्टच्या प्रामाणिक उत्तरावर येऊन ठेपला. स्क्रिप्ट लिहिणारा संचालक बहुधा एकटा असतो, त्याला वेळ कमी असतो आणि चाचणी लवकर उत्तीर्ण व्हावी, असे त्याच्यावर दडपण असते. क्लस्टरवर विसंबून असलेल्या खातेदाराला, प्रवाशाला किंवा रुग्णाला त्या स्क्रिप्टचे अस्तित्वही माहीत नसते. तरीही त्याच्या नोंदींची सुरक्षितता त्या स्क्रिप्टने ७ कधी म्हणावे आणि १ कधी म्हणावे यावर अवलंबून राहते. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात मोठ्या प्रणालींच्या जोडीने अशा लहान करारांचा व त्यांच्या चाचण्यांचा इतिहासही शिकविला गेला, तर विद्यार्थ्यांना विश्वसनीयतेचा खरा अर्थ अधिक स्पष्टपणे समजू शकेल.